चार नंबरचा नाडा

सरलाबाईंच्या कारखान्यातला चार नंबरचा प्रेस गेली दोन वर्षं जरा वेगळाच वाजत होता. ते बरोबर की चूक हे नुसत्या कानानं सांगू शकणारा माणूस सरदारपुरात लेकीच्या घरी जाऊन बसला होता, आणि त्याला परत बोलवायला सरलाबाईंना तोंड नव्हतं.

कारखाना तसा लहानच. देवासच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कंपन्यांच्या भिंती संपतात तिथं, कोपऱ्यात पत्र्याची शेड आणि आत सहा प्रेस. लोखंडी पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, वरून घण उतरतो, आणि ट्रकच्या सीटखाली लागणारी पट्टी वाकून तयार होते. प्रत्येक प्रेसला दोन हिरवी बटणं, चांगली हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच घण खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले की साच्यात हात सापडायचा प्रश्नच नाही. कायदाही हेच सांगतो, आणि कधी नव्हे तो कायदा अगदी शहाण्यासारखं सांगतो. पण एक बटण काही युक्ती करून दाबून ठेवलं, तर एका हातानं तुकडा ठेवावा, दुसऱ्यानं घण उतरवावा, आणि तासाला दीडपट माल निघतो. हे प्रत्येक प्रेसवाल्याला ठाऊक असतं. मालकालाही ठाऊक असतं, फक्त शेडमधून फिरताना त्याची नजर नेमकी तेवढ्या बटणावर पडत नाही.

सरदारपुरात जाऊन बसलेले ते खंडोजी. ते कारखान्याचे सेटर. साचा प्रेसवर चढवायचा, घण किती खाली यायला हवा ते जुळवायचं आणि मग मशीन चालवणाऱ्याच्या हवाली करायचं, हे त्यांचं काम. सरलाबाईंचे यजमान माधवराव यांनी एका जुन्या प्रेसवर धंदा मांडला तेव्हापासून खंडोजी सोबत होते. दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि रोज एकाच डब्यातून जेवण व्हायचं. खंडोजींचा कान असा, की ऑफिसात बसल्या बसल्या म्हणायचे, "तीन नंबरचा बोल्ट सैल झालाय," आणि जाऊन बघावं तर खरंच झालेला असायचा. मशीन बिघडलं की आधी म्हणायचे, "वहिनी, चहा सांगा," आणि चहा येईपर्यंत नुसते ऐकत उभे राहायचे.

माधवराव गेले आणि सरलाबाई त्यांच्या खुर्चीत बसल्या, तेव्हा त्यांना प्रेसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. खंडोजींनी पन्नाशीच्या बाईला मशीनपुढं उभं करून कान शिकवला. "डोळे मिटा वहिनी. नुसतं ऐका." आता दोन वर्षं त्या रोज सकाळी चार नंबरपुढं डोळे मिटून उभ्या राहत. मशीन काहीतरी सांगत असे, पण काय ते त्यांना उमगत नसे. मग खंडोजींची अशी काही आठवण येई, की समोरचा चहा तसाच निवून जाई. माणूस गेला की त्याचं दुःख करता येतं. पण जो आहे, सव्वाशे किलोमीटरवर आहे, आणि आपल्यामुळं तिथं आहे, त्याचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

झालं होतं ते असं. सरलाबाईंच्या सासरचं घराणं एकेकाळी दरबारच्या सिलेखान्यावर, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या कोठीवर, कारकून होतं. तलवारी गेल्या, कारकुनीही गेली, पण खंडेनवमी राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तलवारींऐवजी आता प्रेसची पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ, आणि प्रत्येक मशीनला लाल नाडा, म्हणजे पूजेचा दोरा. मामंजींचा एक दंडक होता: नवमीला बांधलेला नाडा सोडायचा नाही, कापायचा तर मुळीच नाही. झिजून आपोआप गळेल तेव्हा गळेल. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा दंडक पत्र्याच्या शेडमध्येही चुकला नव्हता.

माधवराव गेले त्या वर्षी पूजा झाली नाही. पुढच्या वर्षी प्रश्न आला, पूजेला कोण बसणार. भाऊबंदांनी मननचं नाव सुचवलं. मनन हा सरलाबाईंचा एकुलता एक, इंदुरात इंजिनियर झालेला. "नाही, म्हणजे वहिनींनी बसायचं म्हणजे जरा," असं म्हणून भाऊबंद अर्ध्यावर थांबले. विधवा हा शब्द तोंडातून काढायचा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. खंडोजी मात्र थांबले नाहीत. "कारखाना ज्यांच्या हातानं चालतो, पूजा त्यांच्याच हातानं होईल," एवढं बोलून त्यांनी पाट मांडला.

सरलाबाईंनी एकेका मशीनला नाडा बांधला. चार नंबरशी आल्या तेव्हा ते मशीन चालवणारा अंशुल म्हणाला, "मॅडम, इधर बांध दो ना. बटणावरून." दिवाळीआधीची मोठी ऑर्डर डोक्यावर होती. त्यांनी बांधला. पाच-सहा वेढे देऊन, घट्ट. बटण आत गेलं ते आतच राहिलं.

दसरा झाला आणि चार नंबरचा माल दीडपट निघू लागला. का, ते सरलाबाईंनी विचारलं नाही. अकराव्या दिवशी अंशुल जेवायला गेला असताना खंडोजी साच्यात अडकलेला तुकडा काढायला वाकले, आणि त्यांचं कोपर मोकळ्या बटणाला लागलं. दुसरं बटण दबलेलं होतंच. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

तपासणीला साहेब आले. त्यांनी नाड्याकडे बोट दाखवलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, "पूजेचा आहे, साब," आणि साहेबांनी नकळत हात जोडले. खंडोजींनी दवाखान्यातून जबाब दिला: मशीन मी सेटिंगसाठी उघडं ठेवलं होतं, चूक माझी. सरलाबाई तिथंच उभ्या होत्या. त्या मूग गिळून बसल्या. कागद बंद झाला, कारखाना चालू राहिला, आणि हात बरा होताच खंडोजी कुणाला न सांगता सरदारपूरला निघून गेले. फोन केला तर उचलायचे, "बरंय, वहिनी" म्हणायचे आणि लेकीच्या हातात द्यायचे.

त्यानंतर सरलाबाईंनी एक गोष्ट केली. सहाही प्रेसवर दोन्ही बटणं दोन्ही हातांनी, असा हुकूम काढला आणि स्वतः शेडमध्ये खुर्ची टाकून बसल्या. पुढच्या नवमीला नाड्याचं बंडल आणलंच नाही. माल घटला. एक गिऱ्हाईक गेलं, मग दुसरं. बावीस माणसांची पंधरा झाली. जी सात गेली त्यांनी कायद्याला दुवा दिला नाही, हे सांगायला नकोच.

या वर्षी भाद्रपद संपता संपता मननला पिथमपूरच्या एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. मायलेक दोघंही गेले. स्वागतकक्षात भिंतभर चित्र होतं, हेल्मेट घातलेला हसरा कामगार, आणि खाली लिहिलेलं, सगळ्यात आधी सुरक्षा. खरेदी बघणारा धीरज म्हणून एक तरुण होता. मोठा अदबीचा, चहा दोनदा विचारला. मग त्यानं दोन कागद पुढे सरकवले. एका कागदावर भाव होता. दुसऱ्यावर लिहून द्यायचं होतं, की आमच्या कारखान्यात कुठल्याही मशीनची सुरक्षा काढलेली नाही.

सरलाबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "धीरजजी, या भावात माल द्यायचा तर तासाला जेवढे नग काढावे लागतील, तेवढे दोन्ही हातांनी निघत नाहीत. ये दोनों कागज साथ में कैसे चलेंगे?"

धीरज हसला, पण त्याला बरं वाटलं नाही हे दिसलं. "मॅडम, वो आपको देखना है. मेरे ऊपर भी लोग हैं. गुजरात की पार्टी इसी रेट में तैयार बैठी है." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दशहरे के अगले दिन मैं सॅम्पल देखने आऊँगा. तब तक देख लीजिए."

परतताना मनन गाडी चालवत होता. इंदूरच्या अलीकडे त्यानं तोंड उघडलं. "आई, तू समझ ना. मार्केटमध्ये टिकायचं असेल तर थोडंफार करावंच लागतं. सगळे करतात. नवमी येतेच आहे. तू चार नंबरला नाडा बांध, फक्त या ऑर्डरपुरता. पूजेचा नाडा आहे, कोण काय बोलणार?"

"फक्त या ऑर्डरपुरता," सरलाबाई म्हणाल्या.

"पंधरा घरं आहेत आई आपल्यावर. ती पण सेफ्टीच आहे ना?"

यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कायदा खरा होता, धीरजचा भाव खरा होता, मननची पंधरा घरं खरी होती. कोणी एक लबाड सापडला असता तर सरलाबाईंना सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "गाडी थांबव. मी इथून बस धरते."

"कुठं जातेस?"

"सरदारपूरला."

मनननं गाडी कडेला घेतली. त्यानं खाली उतरून आईला धारच्या बसमध्ये बसवून दिलं आणि पाण्याची बाटली हातात दिली. पोरगा वाईट नव्हता.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन काढायला झालं होतं. धारला बस बदलली. दोन वर्षं जे बोलायचं ठरवत होत्या, ते सरलाबाईंनी बसमध्ये पुन्हा एकदा जुळवलं आणि सरदारपूरच्या स्टँडवर उतरेपर्यंत त्यातलं निम्मं विसरल्या.

खंडोजींची लेक नीतू दारातच भेटली. "अरे, काकू, आप? या ना, आत या." मग तिनं गल्लीच्या टोकाकडे हात केला. "बाबा तिकडं. पिठाच्या चक्कीवर. दिनभर तिथंच बसतात. लाइट गेली की चक्की बंद पडते ना, उस दिन जेवतसुद्धा नाहीत."

चक्कीच्या बाहेर बाकावर खंडोजी बसले होते. वाळलेले, दाढी वाढलेली. आत मका दळला जात होता. उजवा हात उपरण्याखाली होता, आणि डोळे मिटलेले होते. सरलाबाई जवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना हाक मारवेना. दोन वर्षं रोज सकाळी त्या तिकडं असंच उभ्या राहत होत्या, आणि हे इकडं पिठाची चक्की ऐकत बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पट्टा दसऱ्यापर्यंत तुटतोय," खंडोजी डोळे न उघडता म्हणाले. "दोनदा सांगितलं, ऐकत नाही." मग डोळे उघडले, आणि एकदम उठायला लागले. "वहिनी."

"बसा, खंडोजीभाऊ." त्या शेजारी बसल्या. जुळवलेलं काही आठवेना, म्हणून जे आलं ते बोलल्या. "मला ठाऊक होतं. अंशुलनं बटणावरून बांधायला सांगितलं तेव्हाच कळलं होतं मला. मी पूजा म्हणून नाही बांधला. ऑर्डर म्हणून बांधला. आणि साहेब आले तेव्हा गप्प बसले."

"ते मलाही ठाऊक होतं," खंडोजी म्हणाले.

"मग दोष अंगावर का घेतलात?"

"दोष माझाच आहे म्हणून." त्यांनी डाव्या हातानं सदऱ्याच्या खिशातून एक लहानशी कात्री काढून बाकावर ठेवली. पॅकिंगचा रबर कापायची, मुठीला काळी पट्टी गुंडाळलेली. सरलाबाईंनी ती त्यांच्या खिशात रोज पाहिली होती. "सेटर मी. मशीनपुढं उभं राहिलं की आधी बटणं मोकळी आहेत का बघायचं, हे पोरांना मीच शिकवलं. त्या दिवशी वाकायच्या आधी ही कात्री हातात घेतली होती. अकरा दिवस रोज घेत होतो. एक टिचकी, बस. पण तुमची ती पहिली पूजा होती. भाऊबंद नको म्हणत असताना मीच तुम्हाला पाटावर बसवलं होतं. तुमच्या हातचा नाडा पंधरवड्याच्या आत मी कापला असता, तर ते काय बोलले असते? बाईनं पूजा केली आणि टिकली नाही, असं." त्यांनी उपरणं सारखं केलं. "म्हणून परत खिशात घातली."

एका लाल दोऱ्याचा मान राखायला या माणसानं आपला हात दिला होता, आणि दोरा बांधणारीनं त्याला मान म्हणून बांधलाच नव्हता.

थोड्या वेळानं सरलाबाईंनी पिथमपूरचं सांगितलं. दोन कागद, भाव, मनन काय म्हणतो ते. खंडोजी ऐकताना हळूहळू सरळ बसले. "दोन्ही हात बटणावर ठेवूनही माल निघतो," ते म्हणाले. "वेळ खातो तो हात आत-बाहेर करण्यात. हात आत जायलाच नको. तुकड्यांची चळत वर लावायची, घसरगुंडीवरून एकेक तुकडा आपला आपण साच्यात, वाकलेला मागून खाली. आठ वर्षांपूर्वी माधवरावांना कागदावर काढून दिलं होतं. ते म्हणाले, बघू."

"मग या ना. तुम्ही बसवून द्या. निदान नवमीला नारळ फोडायला तरी या."

खंडोजींनी उपरणं बाजूला केलं. अंगठा आणि करंगळी, मधे काहीच नाही. त्यांनी तो हात नुसता मांडीवर ठेवला. "पान्याची पकड बसत नाही यात. पोरं बघत राहतील. तिथं नुसतं उभं राहायला मी नाही येणार, वहिनी. घरी रोज तो आवाज आठवतो, तेवढं पुरे आहे." निघताना त्यांनी कात्री सरलाबाईंच्या हातात दिली. "हिला पूजेत ठेवा. ही राहून गेली होती."

देवासला परत आल्यावर सरलाबाईंनी माधवरावांचं कपाट उपसलं. तिसऱ्या कप्प्यात, जुन्या कोटेशनांच्या फायलीत, कॅलेंडरच्या पानामागं खंडोजींनी पेन्सिलीनं काढलेलं चित्र सापडलं. घसरगुंडी, चळत, बाण, आणि कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत, "हात बाहेर." खाली माधवरावांचं वळणदार अक्षर होतं: "कल्पना उत्तम. पुढच्या वर्षी." त्याखाली निळ्या शाईत: "पुढच्या वर्षी." त्याखाली काळ्या शाईत पुन्हा तेच. सरलाबाईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. नवऱ्यावर रागवावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी तो समोर हवा होता, रागवायला तरी.

कागद त्यांनी मननपुढं ठेवला. मननचं मराठी वाचन यथातथाच. अक्षरांखाली बोट धरून त्यानं हळूहळू "हात बाहेर" एवढं वाचलं, आणि मग चित्राकडे बघत बसला. चित्र वाचायला त्याला वेळ लागला नाही. "आई, ये तो सही है," तो म्हणाला. "खंडोजीकाकांनी हे कधी काढलं?"

त्या दिवसापासून मनन आणि अंशुल शेडमधून हलले नाहीत. पत्रा कापला, वेल्डिंग केलं, तोडलं, परत केलं. चार नंबरवर घसरगुंडी उभी राहिली, पण नीट चालेना. दहा तुकडे बरोबर उतरायचे आणि अकरावा तिरका होऊन अडकायचा. अडकला की मशीन बंद, तुकडा चिमट्यानं काढा, परत चालू. चतुर्थी गेली, अष्टमी आली, तरी अकराव्याचा हट्ट जाईना.

नवमीला सकाळी सगळे प्रेस धुऊनपुसून उभे होते. सरलाबाईंनी पाटावर पाना ठेवला, हातोडी ठेवली, आणि मधोमध काळ्या पट्टीची कात्री ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं. या वर्षी नाड्याचं बंडल आणलं होतं. पंधरा माणसं भोवती उभी होती. चार नंबरशी आल्या तेव्हा मनन त्यांच्या बाजूला आला. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"आई," तो हळूच म्हणाला, "परवा धीरज येतोय. घसरगुंडी नाही चालत. इथं बांध ना. एक दिवसापुरतं. मी स्वतः उभा राहतो मशीनवर, कुणाला नाही ठेवत."

बटण हिरवंगार, पुसून लख्ख केलेलं. नाडा सरलाबाईंच्या हातात होता. मनन स्वतः उभा राहणार म्हणाला, तेव्हा त्या पंधराही माणसांकडे वळल्या. त्या मोठ्यानं बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "दोन वर्षांपूर्वी इथं नाडा बांधला तो मी. बटण दबावं म्हणून बांधला होता. खंडोजीभाऊंची चूक नव्हती. त्यांनी तसं लिहून दिलं आणि मी देऊ दिलं." अंशुलनं मान खाली घातली. "आता इथं कुणी बांधला, तर ही कात्री पाटावर आहे. मी कापीन. मामंजींचा दंडक मोडल्याचं पाप माझं."

मग त्यांनी स्टूल मागवलं, त्यावर चढल्या, आणि प्रेसच्या अगदी माथ्यावर, जिथं कुणाचा हात पोचत नाही, तिथं नाडा बांधला. मनन स्टूल धरून उभा होता.

दसऱ्याला सकाळी मशीन सुरू झालं. अंशुलनं चळत लावली आणि दोन्ही हात बटणांवर ठेवले. एक, दोन, पाच, दहा. अकरावा अडकला. पुन्हा लावलं, पुन्हा अकरावा. मननच्या तोंडचं पाणी पळालं. सरलाबाई प्रेसपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. तोच आवाज, दोन वर्षांचा. शेवटी काहीतरी घासल्यासारखं. काय, ते कळत नव्हतं. त्यांना तो कान हवा होता. पाना धरणारा हात नव्हे, तो कान, आणि त्या कानाचा माणूस.

त्यांनी फोन लावला. नीतूनं उचलला. "बाबांना दे. आणि म्हणावं, बोलू नका. फक्त ऐका." मग त्यांनी अंशुलला खूण केली आणि फोन चार नंबरच्या अंगाशी धरला.

ठक. ठक. ठक. अकराव्याला घण थांबला. त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडे श्वास तेवढा ऐकू येत होता.

"परत चालवा," खंडोजी म्हणाले.

परत चालवलं. मग आणखी एकदा. शेडमधली सगळी माणसं त्या फोनकडे बघत होती. तिसऱ्यांदा फोन कानाशी आला, तेव्हा खंडोजींचा आवाज चढलेला होता, माधवरावांशी भांडताना चढायचा तसा.

"घसरगुंडीचं काही नाही. साचा उजवीकडं झुकलाय, केसभर. दर घणाला तुकडा जरा सरकतो, अकराव्याला धरतो. दोन वर्षं असंच चालवताय?"

"दोन वर्षं," सरलाबाई म्हणाल्या. "कुणी सांगणारं नव्हतं."

पलीकडे चक्कीचा आवाज येत नव्हता. बहुधा पट्टा तुटला असावा.

"मनन को बोलो, साच्याला कुणी हात लावायचा नाही. पाना तो धरेल, किती फिरवायचा ते मी सांगीन. साडेदहाची बस आहे." मग जरा थांबून म्हणाले, "वहिनी, चहा सांगा."

सरदारपूरहून देवासला यायला चार तास तरी लागतात. सरलाबाईंनी मेन स्विच खाली केला, चार नंबरजवळ खुर्ची ओढून बसल्या, आणि अंशुलला म्हणाल्या, "चहा सांग. दोन."

"अभी, मॅडम?"

"हो. आत्ताच."